हेजेसची गिटार आणि चुकीचा कप्पा

नमस्कार. ‘एरियल बाउंडरीज’ ही रचना पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास वाटतं की दोन गिटारवादक एकत्र वाजवताहेत. खाली खर्जाची चाल अखंड सुरू असते, वर सूर टपटप पडत असतात, मधेच घंटेसारखा एखादा स्वर चमकून जातो. प्रत्यक्षात वादक एकच, अमेरिकन गिटारवादक मायकेल हेजेस, आणि अकूस्टिक गिटारही एकच. एकावर एक चढवलेले ट्रॅकही नाहीत. याच नावाचा अल्बम १९८४ साली आला आणि रेकॉर्डच्या दुकानात ध्यानाच्या, विश्रांतीच्या संगीताशेजारी जाऊन बसला. त्या कप्प्यावर पाटी होती ‘न्यू एज’.

मायकेल हेजेसचा जन्म १९५३चा. ओक्लाहोमातल्या ईनिड गावात तो वाढला आणि बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत रचनाशास्त्र शिकला. म्हणजे पाश्चात्त्य अभिजात रचनाकाराची शिस्त त्याच्या हाडीमाशी भिनलेली, आणि कानात मात्र रॉक आणि लोकसंगीत. विल्यम अ‍ॅकरमनने त्याला आपल्या ‘विंडम हिल’ या रेकॉर्ड कंपनीत घेतलं आणि १९८१ साली ‘ब्रेकफास्ट इन द फील्ड’ हा पहिला अल्बम निघाला. ही कंपनी ओळखली जायची ती जॉर्ज विन्स्टनच्या संथ पियानोसाठी आणि पांढऱ्या चौकटीतल्या निसर्गचित्रांच्या कव्हरांसाठी. माल त्या चौकटीत गेला की गिऱ्हाईकही त्याच अपेक्षेने येतं. अ‍ॅकरमनला दोष देणं बरोबर नाही, कारण त्याने दार उघडलं नसतं तर हे संगीत आपल्यापर्यंत आलंच नसतं. पण पाटी चुकली ती चुकलीच. हेजेस स्वतः आपल्या वादनाला ‘व्हायलंट अकूस्टिक’, कधी ‘हेवी मेटल’वर कोटी करून ‘हेवी मेंटल’ म्हणायचा.

आता हातात गिटार घेऊन पाहू, म्हणजे पाटी का चुकीची ते कळेल. नेहमीचं ट्यूनिंग, म्हणजे मोकळ्या तारा ज्या सुरांना लावतात ते सूर, खर्जाकडून ई, ए, डी, जी, बी, ई. या रचनेत ते होतं सी, सी, डी, जी, ए, डी. आपल्या भाषेत सी हा षड्ज धरा: सा, सा, रे, प, ध, रे. गंधार कुठेच नाही. त्यामुळे मोकळ्या तारा छेडल्या तर शुद्ध गंधाराचा उजेड नाही आणि कोमल गंधाराची उदासीही नाही. कान ताटकळत राहतो. गंधार कधी दाखवायचा आणि कधी दडवायचा हे रचनाकार ठरवतो. हा सगळा विचार रचनेचा आहे. वातावरणनिर्मितीशी त्याचा संबंध नाही.

हे ट्यूनिंग घरी लावणारे बहुतेक जण पाचव्या तारेवर फसतात (तारांचे नंबर बारीक तारेकडून मोजतात, म्हणून खर्जाची तार सहावी). ती ए वरून सी पर्यंत, म्हणजे तीन अर्धस्वर वर चढवायची असते. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तीन अर्धस्वरांत तो जवळजवळ ४१ टक्क्यांनी वाढतो. नेहमीची जाड तार तुटते किंवा ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा अडकवलेल्या पट्टीवर, नको तितका भार येतो. उपाय सोपा आहे: पाचव्या जागी चौथ्या नंबरची तार लावा. मात्र नटमधली, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीतली, खाच जाड तारेसाठी कोरलेली असते, तिच्यात बारीक तार हलते आणि झणझणते. खाचेत कागदाची बारीक पट्टी घातली तर तात्पुरतं भागतं. सहाव्या तारेचं उलट होतं. ती चार अर्धस्वर उतरते, ताण सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होतो, तार ढिली पडून फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटते. तिथे ०.०५६ इंचाची किंवा त्याहून जाड तार हवी.

हातांचं काम त्याहून अवघड. डावा हात हॅमर-ऑन (तारेवर बोट ठोकून सूर काढणं) आणि पुल-ऑफने (बोट ओढून उचलत सूर काढणं) खर्ज चालवतो, त्यामुळे उजवा हात मोकळा होतो आणि थेट फ्रेटबोर्डवर येऊन सूर ठोकतो. घंटेसारखा हार्मोनिक काढायचा तर बोट बाराव्या फ्रेटच्या बरोबर धातूच्या पट्टीवर मारून तत्क्षणी उचलायचं. बोट किंचित रेंगाळलं की सूर मरतो, पट्टीच्या मागे पडलं की नुसता ‘टक’ आवाज येतो.

आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे तारा थांबवणं. अशा ट्यूनिंगमध्ये एक सी वाजला की दुसरा सी आपोआप घुमू लागतो. चार मात्रांत सगळा चिखल होतो. हेजेस प्रत्येक सुराची लांबी ठरवून वाजवायचा. नको असलेली तार अंगठ्याच्या कडेने किंवा मोकळ्या बोटाने वेळेवर बंद करायची. त्याची नक्कल करणारे ठोके बरोबर मारतात, शांतता मात्र विसरतात, आणि मग ते वादन खरोखरच गुळगुळीत पार्श्वसंगीत वाटू लागतं.

पाटीची किंमत त्याने मोजली. १९८५च्या ‘वॉचिंग माय लाइफ गो बाय’मध्ये तो पूर्ण गायक-गीतकार म्हणून उभा आहे. १९८७च्या थेट मैफलीच्या अल्बममध्ये बॉब डिलनचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ आहे, ते ऐकून कुणाला झोप लागणार नाही. १९९७ साली कॅलिफोर्नियात मोटार अपघातात तो गेला, वय अवघं ४३. पुढच्या वर्षी त्याच्या ‘ऑरॅकल’ अल्बमला ग्रॅमी मिळालं, तेही ‘न्यू एज’ विभागातच.

आता ‘एरियल बाउंडरीज’ लावतो. पहिल्या खेपेला फक्त खालचा सी धरून बसा, बाकी सोडून द्या. दुसऱ्यांदा लावेन तेव्हा सूर कुठे सुरू होतात ते ऐकू नका, कुठे बंद होतात तेवढं ऐका.