अबू सिंबेल : अंधारातला चौथा देव

(पहाट. नासर सरोवर, मग मंदिराचा दर्शनी भाग.)

दक्षिण इजिप्त. सुदानची सीमा इथून जवळच. तांबडं फुटतंय आणि इजिप्तचा प्राचीन राजा रामसेस दुसरा याचे चार पुतळे उजळू लागलेत. प्रत्येक जवळपास 20 मीटर उंच, डोंगराच्याच वालुकाश्मात कोरलेला. एकाचं डोकं भूकंपात निखळून पायाशी पडलंय.

नजर अगदी माथ्यावर न्या. हात उंचावून ओळीनं बसलेले हे बबून. सूर्य उगवताना ही माकडं कालवा करतात. इजिप्शियनांना त्यात सूर्याची प्रार्थना ऐकू आली, म्हणून पहिलं ऊन यांच्या वाट्याचं.

(दारावरचा कोनाडा, जवळून.)

इथं थांबा. ससाण्याच्या डोक्याचा सूर्यदेव रे. त्याच्या एका हाताशी ‘वुसेर’, सामर्थ्याचं चिन्ह. दुसऱ्या हाताशी मात, सत्याची देवी. तिन्ही सलग वाचा : वुसेर-मात-रे. हे रामसेसचं राज्याभिषेकाचं नाव! मूर्ती देवाची, आणि वाचायला गेलं तर राजा.

(आत.)

मृतांचा देव ओसायरिस, त्याच्या रूपातले आठ खांब. पुढचा मंडप लहान, त्यापुढचा आणखी लहान. जमीन हळूहळू वर चढते, छत खाली येतं, भिंती जवळ सरकतात. पवित्र भूमितीसाठी इथं गूढ आकडे शोधावे लागत नाहीत. आत चालणाऱ्या माणसाला ती अंगावर जाणवते. दारापासून गाभाऱ्यापर्यंत सुमारे 60 मीटर, आणि सगळं एका रेषेत.

22 फेब्रुवारी आणि 22 ऑक्टोबर. वर्षातून या दोन सकाळी ऊन त्या रेषेवरून थेट गाभाऱ्यात शिरतं.

(गाभारा. मूर्तींवर सरकणारं ऊन.)

आमून-रे, देवांचा राजा. रामसेस. रे-होराख्ती, क्षितिजावरचा सूर्यदेव.

डावीकडचा चौथा, प्ताह. कारागिरांचा देव, पाताळाशी नातं असलेला. तो अंधारातच राहतो.

(जुनी कृष्णधवल दृश्यं.)

नाईलवरच्या अस्वानच्या नव्या धरणामुळे हे सारं पाण्याखाली गेलं असतं. 1964 ते 1968 या काळात मंदिर कापून, हजारावर तुकडे करून, 65 मीटर वर नेलं. पुतळ्यांवर आधी वाळूचा ढीग रचला, वरून पडणाऱ्या दगडांनी चेहरे दुखावू नयेत म्हणून. दिसणारे पृष्ठभाग कापले हातकरवतीनं. मंदिराचं तोंड पूर्वीच्याच दिशेला ठेवलं. इथल्या मूळ रहिवाशांची, न्युबियनांची गावं मात्र बुडाली. हजारो माणसं उत्तरेला कोम ओम्बोकडे हलवली गेली.

(पुन्हा गाभारा.)

वीसेक मिनिटं झाली. ऊन रामसेसच्या खांद्यावरून उतरतंय.