जामीन म्हणजे कोण?

मंडळी, फलकावर 'जामीन म्हणजे कोण' असं लिहिलंय, तिथे 'काय' हवं होतं, असं आत येताना एका गृहस्थांनी मला बजावलं. पुण्यात फलक लावला की एवढं होणारच. पण फलक बरोबर आहे. जामीन हा मुळात माणूस.

शब्द अरबी, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आलेला. अर्थ, हमी घेणारा. जमिनीशी त्याचं नातं नाही, जरी जामीन राहणाऱ्याची जमीन अनेकदा त्यात अडकते! जुन्या मराठी व्यवहारात हाजीर जामीन वेगळा, माल जामीन वेगळा. पहिला माणूस हजर करण्याची हमी घ्यायचा, दुसरा पैशाची. दोघंही हाडामांसाचे. म्हणजे 'जामीनदार' हा शब्द खरं तर अनावश्यक, जामिनालाच 'दार' जोडलंय. पण रूढ झालाय, आता त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

गंमत क्रियापदात आहे. पूर्वी आरोपी जामीन द्यायचा आणि सरकार तो घ्यायचं. आज कोर्ट जामीन देतं आणि आरोपीला तो मिळतो. देणाराघेणारा उलटले, कारण मधला माणूस शब्दातून निघून गेला आणि उरली ती नुसती सुटका. 'मी त्याला जामीन राहिलो' या वाक्यात तेवढा तो अजून जिवंत आहे. पतसंस्थेचं कर्ज काढताना दोन जामीन शोधत फिरलेल्यांना हे सांगायला नको. तिथे तर १८७२च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर, जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच.

इंग्रजी 'बेल'चं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये, अर्थ हवाली करणं. आरोपीला तुरुंगातून काढून जामिनाच्या हवाली करायचं, अशी कल्पना.

आता टिळकांचं बघा. १८९७च्या राजद्रोह खटल्यात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी त्यांना जामिनावर सोडलं. तेव्हा त्यांच्या बाजूनं अर्ज लढवणारे बॅरिस्टर दावर १९०८ साली न्यायमूर्तींच्या खुर्चीत होते, आणि त्यांनी जामीन नाकारला. कायद्यानं न्यायाधीशाच्या मर्जीवर किती सोडलंय, ते यातून कळतं.

पण मर्जीपेक्षा मोठी अडचण माणूस मिळण्याची. १९७८चा मोतीराम खटला घ्या. मोतीराम गवंडी. सुप्रीम कोर्टानं त्याला सोडायला सांगितलं, मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीन मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नामंजूर! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 'बेल' या शब्दाचाच कीस पाडला. जामीनदार नसतानाही, आरोपीच्या स्वतःच्या बंधपत्रावर केलेली सुटका 'बेल'मध्येच येते, असं ठरवलं आणि मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडलं. एवढं होऊनही १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 'बेल'ची व्याख्या नव्हतीच. १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती आली.

तरी आजही ऑर्डर झाली म्हणजे माणूस घरी आला असं नाही. नातेवाईक शिवाजीनगर कोर्टात धावत येतात, 'साहेब, जामीन झाला ना, मग सोडत का नाहीत?' वकील विचारतात, सातबारा आणलाय का, रेशनकार्ड कुठंय, सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, काढली का? परगावचा मजूर हे कुठून आणणार? मग ओळखपाळख नसताना पैसे घेऊन जामीन राहणारे सापडतात. म्हणूनच जामीनदाराला आणखी किती जणांसाठी उभा आहोत ते लिहून द्यावं लागतं, ही अट जुन्या संहितेच्या २००५च्या दुरुस्तीनं आली.

तुमच्यापैकी कुणी भाच्यापुतण्याला जामीन राहिलं असेल आणि तो तारखांना दांड्या मारायला लागला असेल, तर वाट बघत बसू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८९खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून जामीनदारकीतून मोकळं होता येतं. मग त्याला पकडून आणण्याचं वॉरंट निघतं आणि नवा जामीन त्यानं शोधायचा. घरात बोलाचाली होईल. ती बंधपत्राची रक्कम भरण्यापेक्षा स्वस्त पडते.