पूल वरून नाही, खालून बघायचा

नमस्कार श्रोतेहो.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण नाशिककर हमखास दोन गोष्टी विचारतो. होळकर पुलाखालून किती क्युसेक चाललंय, आणि गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय? पण तेच पाणी पुलाच्या पायाशी काय करतंय, ते काठावरून दिसत नाही. फुगलेली नदी खांबावर आपटते, खाली वळून भोवरा धरते आणि पायाजवळची वाळू-माती उपसून नेते. पूर ओसरताना तो खड्डा पुन्हा गाळानं भरतो. वरून सगळं जागच्या जागी. आत पाया पोकळ.

2 ऑगस्ट 2016 ला गोदावरीला मोठा पूर होता. त्याच रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला. ती बातमी घेऊन आलेली दुसऱ्या दिवशीची सकाळ माझ्या मनातून आजही जात नाही. त्याच वर्षी केंद्र सरकारनं देशभरातल्या पुलांची मोजदाद सुरू केली. प्रत्येक पुलाला स्वतंत्र क्रमांक, अक्षांश-रेखांश, आणि अवस्थेसाठी 0 ते 9 मधला एक अंक.

अक्षांश-रेखांश कशाला? जुन्या रजिस्टरात लिहिलेलं असतं, ‘किलोमीटर अमुक, ओढ्यावरील पूल’. रस्ता रुंद झाला, वळण सरळ केलं की किलोमीटर बदलतो. त्याच रस्त्यावर ओढेही चार असतात! मग दुरुस्तीची नोंद एका पुलाची आणि तडा दुसऱ्याच पुलाला, असं होऊ शकतं.

जीआयएसमध्ये, म्हणजे जागेनुसार माहिती जोडलेल्या संगणकी नकाशात, एकावर एक थर चढवता येतात: पूल, नद्या-नाले, पूररेषा, जड वाहनांचे रस्ते. मग थेट विचारता येतं, ‘कोणत्या पुलांचे खांब पात्रात आहेत, पाया बरीच वर्षं पाहिलेला नाही, आणि पूल बंद केला तर गावाला सर्वांत लांबचा वळसा पडेल?’ पेठ-सुरगाण्याकडच्या छोट्या पुलांसाठी मला हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो. तिथं वाहनं कमी, म्हणून नुसत्या वर्दळीच्या यादीत ते कायम तळाला राहतात. पण बाळंतिणीची गाडी त्याच पुलावरून जाते.

अर्थात नकाशा माणसानं भरावा लागतो. मे महिन्यात, पाणी तळाला गेलेलं असताना, पात्रात उतरून. गाळ्याखाली, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाखाली, उभं राहून वर बघायचं: दोन गाळ्यांमधल्या जॉइंटखाली ओल आहे का, गाळा ज्यावर टेकतो ते बेअरिंग मातीनं बुजलंय का, काँक्रीट फुगून सळई उघडी पडलीय का. प्रत्येक खांबाचा वेगळा फोटो, तारखेसकट. कठड्यावरून काढलेला चालणार नाही.