घरच्या सीएनसी राउटरचा सांगाडा

मंडळी, सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर चालून लाकूड कापणारे यंत्र, घरी तयार करता येतो का, हा प्रश्न बेळगावात आता फारसा कोणी विचारत नाही. विचारतात ते दोनच प्रश्न : खर्च किती येईल आणि मोटार कोणती घ्यावी. मोटारीचा विषय मी मुद्दाम मागे ठेवणार आहे, कारण या कामातला तो सर्वांत सोपा भाग आहे.

१९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये छिद्रपट्टीवरच्या आकड्यांनी चालणारे मिलिंग यंत्र दाखवण्यात आले, तेव्हा त्याच्या नियंत्रणासाठी निर्वात नळ्यांनी भरलेली कपाटे लागली होती. आज तेच काम तळहातावर मावणारा अर्दुइनो हा छोटा संगणक-बोर्ड आणि २००९ साली सुरू झालेली ‘ग्रबल’ ही विनामूल्य प्रणाली करते. थोडक्यात, यंत्राचा मेंदू स्वस्त झाला. पण कटर लाकडात शिरल्यावर उलटा बसणारा रेटा जेवढा तेव्हा होता तेवढाच आजही आहे, आणि तो सोसायचा असतो सांगाड्याने.

आता जरा हिशेब करू. ज्यावरून यंत्राचा सरकता भाग धावतो अशी १६ मिलिमीटर व्यासाची पोलादी शाफ्ट ६०० मिलिमीटर अंतरावर दोन्ही टोकांना टेकवली आणि मध्यावर १० किलोचा भार दिला, तर ती मध्यभागी सुमारे ०.७ मिलिमीटर वाकते. दोन शाफ्टींनी भार वाटून घेतला तरी ०.३५ मिलिमीटर वाक उरतोच, म्हणजे ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजणाऱ्या डायलवर काटा पस्तीस घरे पुढे जातो. लांबी निम्मी केली, तर हाच वाक एक अष्टमांश होतो, कारण तो लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. व्यास दुप्पट केला, तर तो एक षोडशांश होतो. त्यामुळे फक्त टोकांना धरलेल्या शाफ्टीवर मोठा टेबल करू पाहणाऱ्याने आधी वहीत हे गणित मांडावे. पूर्ण लांबीवर आधार असलेला लिनिअर गाईडवे, म्हणजे सरकत्या भागाची पोलादी रूळपट्टी, महाग वाटतो, परंतु त्याची किंमत या पस्तीस घरांशी ताडून पाहिली पाहिजे.

तो गाईडवे ज्यावर बसवायचा ती बैठक सपाट नसेल, तर मात्र पैसे वाया गेले असे समजावे. चौकोनी पाईप वेल्ड केला की तो ओढ घेतोच. कितीही क्लॅम्प लावले तरी क्लॅम्प सोडल्यावर कोपरा हलतो. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी सगळे वेल्डिंग पूर्ण करावे, मग रेल्वेच्या रुळांसारख्या समांतर चालणाऱ्या त्या दोन्ही बैठका मिलिंगवर एकाच सेटिंगमध्ये, म्हणजे फ्रेम मध्येच न सोडता, काढाव्यात, आणि त्यानंतरच छिद्रे पाडून आटे मारावेत. येथे आपल्या भागाचा खरा फायदा दिसतो. बोर्ड, मोटार चालवणारा ड्रायव्हर, गोळ्यांवर फिरून अक्ष सरकवणारा बॉल स्क्रू हे सर्व कुरिअरने कोणत्याही गावी पोहोचते; पण एवढी लांब फ्रेम यंत्राच्या पलंगावर बांधून तिचा पृष्ठभाग सपाट करून देणारा मिलिंगवाला किंवा प्लेनरवाला, हाकेच्या अंतरावर, बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत भेटतो. फाउंड्रीही शेजारीच आहेत. गॅन्ट्रीच्या, म्हणजे कटर धरून टेबलावरून सरकणाऱ्या कमानीच्या, दोन पायांसाठी ओतीव बिडाचा तुकडा मिळाला तर जरूर घ्यावा, कारण बिडातील ग्राफाइटचे पापुद्रे कंप शोषून घेतात आणि कटरचा कर्कश आवाज बराच कमी होतो. दसऱ्याच्या आठवड्यात मात्र कोणाला सेटिंगची गळ घालू नये. खंडेनवमीला यंत्रे पुसून पूजेला मांडलेली असतात.

गॅन्ट्रीचे पाय आखूड ठेवावेत. कामाला ७० मिलिमीटर उंची पुरते, तरी ‘असू द्या’ म्हणून २०० ठेवणारे पुष्कळ आहेत. त्या वाढीव उंचीचा तरफेसारखा परिणाम गाईडवेवर होतो आणि नको असलेली उंची प्रत्येक कामात अचूकतेतून वजा होते. गॅन्ट्री रुंद असेल, तर मध्ये एकच स्क्रू न लावता दोन्ही बाजूंना दोन लावावेत, नाहीतर कटर कडेला गेला की ती तिरपी होऊ पाहते.

खानापूरकडच्या श्रोत्यांसाठी उभ्या अक्षाबद्दल थोडे सविस्तर सांगतो. पावसाळ्यात तिकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. बॉल स्क्रू फार कमी घर्षणाने फिरतो, त्यामुळे मोटारीचा जोर सुटताच कटर फिरवणारा जड स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली घसरून कटर कामात रुतू शकतो. उभ्या अक्षाला २ मिलिमीटर लीडचा (एका फेऱ्यात तेवढा सरकवणारा) रुंद आट्यांचा साधा ट्रॅपेझॉइडल स्क्रू लावला, तर तो घर्षणामुळे जागीच अडून राहतो; बॉल स्क्रूच हवा असेल, तर वजन तोलणारी स्प्रिंग किंवा ब्रेक असलेली मोटार घ्यावी. शिवाय पावलापावलाने फिरणाऱ्या साध्या स्टेपर मोटारीला आपण कोठे होतो हे वीज आल्यावर आठवत नाही, म्हणून अक्षाची सुरुवातीची जागा दाखवणारा होम स्विच चैनीची वस्तू मानू नये.

आता मोटार. स्टेपरच्या एका फेऱ्यात २०० पावले. ड्रायव्हरने प्रत्येकाचे आठ भाग केले की १६००. ५ मिलिमीटर लीडच्या स्क्रूवर प्रत्येक मिलिमीटरला ३२० पावले. ग्रबल सेकंदाला ३०,००० पावले देऊ शकते, म्हणजे मिनिटाला सुमारे ५,६०० मिलिमीटर वेग. दोन धारांचा कटर मिनिटाला १८,००० फेऱ्यांनी फिरत असताना प्रत्येक धारेने ०.०५ मिलिमीटर लाकूड घ्यायचे, तर लागणारा वेग मिनिटाला १,८०० मिलिमीटर भरतो. म्हणजे मिळणारा वेग गरजेच्या तिप्पट आहे. मोटारीवरची चर्चा येथे संपते.

यंत्र उभे राहिल्यावर पहिल्याच दिवशी सागवानाला हात लावू नये. प्लायवूडवर १०० मिलिमीटरचे वर्तुळ कापून बोट फिरवावे. अक्ष जेथे दिशा बदलतो त्या चार ठिकाणी बारीक खाच किंवा सपाटी लागली, तर स्क्रूच्या नटमध्ये बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा, आहे. वर्तुळ आडवे किंवा उभे लांबट आले, तर मिलिमीटरमागच्या पावलांचा आकडा तपासावा. कर्णाच्या दिशेने लांबट आले, तर दोन अक्ष गुण्यात, म्हणजे एकमेकांशी काटकोनात, नाहीत, आणि तेव्हा चौरसाच्या चार कोपऱ्यांवर छिद्रे पाडून दोन्ही कर्ण मोजत गॅन्ट्री सरळ करावी. टेबलावरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला फळा, दमट हवेत फुगतो, म्हणून कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळा सरल्यावर त्याच यंत्राने त्याचा पृष्ठभाग पुन्हा एकदा पातळ थर घेऊन सपाट करावा लागतो; ती धूळ अतिशय बारीक असते, तेव्हा मास्क लावूनच ते काम करावे.