तिकीट स्वस्त झालं, पण बोटीत जागा कुठाय?

(दृश्य: ओबनचा धक्का, पहाट, बारीक पाऊस, रांगेत लावलेल्या गाड्या)

हे ओबन. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर. समोर लाल धुराड्याची जी बोट दिसतेय ना ती कॅलमॅकची, म्हणजे कॅलेडोनियन मॅकब्रेन, सरकारी मालकीची कंपनी, या किनाऱ्यावरच्या बहुतेक बेटांना जोडणाऱ्या बोटी हीच चालवते. इथून मल बेट पाऊण-एक तासावर, बारा नावाचं बेट मात्र जवळजवळ पाच तास लांब. आपल्याकडे दाभोळ-धोपावेला फेरीबोटीत गाड्या कशा चढवतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल, फक्त बोट कितीतरी मोठी आणि समुद्र उघडा, हिवाळ्यात वारा सुटला की दोन दोन दिवस बोट सुटत नाही.

मी मूळची रत्नागिरीकडची. धक्का, बोट, भरती-ओहोटी हे शब्द घरातलेच, त्यामुळे या बेटांचा विषय हातात घेतला तेव्हा वाटलं सोपं आहे, तिकीट स्वस्त झालं म्हणजे लोकांचं भलं झालं, दहा मिनिटांत सांगून होईल. तसं नाहीये ते.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊया. बेटावरच्या माणसाला नुसतं स्वतःचं तिकीट पुरत नाही, त्याला गाडी न्यावी लागते. ग्लासगोच्या मोठ्या हॉस्पिटलात आईला तपासायला न्यायचंय, मेंढरं बाजारात विकायला न्यायचीत, घराला खिडक्या बसवायच्यात त्या आणायच्यात, हे सगळं गाडीने, आणि गाडी जाणार बोटीने. दुसरी वाटच नाही. विमान आहे काही बेटांना, बारा बेटावर तर विमान चक्क समुद्राच्या वाळूवर उतरतं, ओहोटीची वेळ बघून त्याचं टाइमटेबल बनतं, पण विमानात मेंढरं कोण नेणार.

म्हणून तिथले लोक वर्षानुवर्षं एकच म्हणत होते की बाबांनो, समुद्र हाच आमचा रस्ता आहे. तुमच्या गावाला जाणारा रस्ता सरकार बांधतं, त्यावरून जायला तुम्ही पेट्रोलपुरते पैसे घालता. मग आमच्याच रस्त्याला एवढं भाडं का?

(दृश्य: जुना तिकीटदर-फलक, मग बेटांचा नकाशा)

यातून कल्पना आली रोड इक्विव्हॅलंट टॅरिफची, सगळे आरईटी म्हणतात. नाव जड आहे पण गोष्ट आपल्या एसटीच्या टप्प्यासारखी. एसटीचं भाडं कसं, सहा किलोमीटरचा एक टप्पा, जेवढे टप्पे तेवढे पैसे. तसंच इथे, बोट जेवढे मैल जाते तेवढे मैल रस्त्याने गेलो असतो तर जो खर्च आला असता त्याच्या हिशोबाने भाडं. ही मागणी १९७० च्या दशकापासून होती, नॉर्वेत असं काहीतरी चालतं हे दाखवून लोक मागत होते. प्रत्यक्षात यायला २००८ चा ऑक्टोबर उजाडला. तेव्हा प्रायोगिक म्हणून सुरू केलं, लुईस, हॅरिस, यूइस्ट, बारा ही बाहेरच्या बाजूची बेटांची मोठी माळ आणि कॉल, टायरी ही बेटं एवढ्यांसाठी. सूत्र होतं माणशी २ पौंड आणि वर मैलाला १० पेन्स, गाडीला ५ पौंड आणि मैलाला ६० पेन्स. म्हणजे ५० मैलांचा मार्ग धरला तर माणसाचे ७ पौंड, गाडीचे ३५.

पुढे २०१२ मध्ये आयला, कॉलन्से, गिया ही बेटं आली, २०१४ ला अरन, आणि २०१५ च्या ऑक्टोबरात मल बेटासकट उरलेली जवळपास सगळी. अरनला तर गाडीचं भाडं अर्ध्याहून जास्त उतरलं.

आणि चांगलं झालं, ते आधी सांगते, कारण तक्रारींच्या गदारोळात ते विसरलं जातं. ग्लासगोत नोकरी करणारा मुलगा वर्षातून एकदा येत होता तो तीनदा येऊ शकतो. नातवंडं आजीकडे सुट्टीला येतात. मयतीला जायचं तर खिशाकडे बघावं लागत नाही. ज्याच्याकडे चार खोल्या आहेत आणि पाहुण्यांना राहायला देतो त्याचा सीझन एप्रिलपासून सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत ताणला जातो. हॅरिसच्या पांढऱ्या वाळूचे किनारे, आयलाच्या व्हिस्कीच्या भट्ट्या, मल बेटावरचे समुद्री गरुड, हे सगळं बघायला माणसं आधीपण यायची पण आता गाडी घेऊन सहज येऊ लागली. स्टॉर्नोवेला तर २००९ च्या जुलैपासून रविवारची बोटही सुरू झाली, लुईस बेट हे रविवार प्रार्थनेचा दिवस म्हणून कडक पाळणारं, तिथे रविवारी बोट सुटणं ही केवढी मोठी गोष्ट होती हे आपल्याला कदाचित कळणार नाही, काही लोक खूप दुखावले गेले होते, आणि काहींना तेवढंच बरं वाटलं होतं.

मग बिघडलं कुठे?

(दृश्य: उन्हाळा, अरुंद एकेरी रस्ता, समोरासमोर आलेले दोन मोठे कॅम्पर व्हॅन)

बघा, भाडं जास्त होतं तेव्हा ते एक काम गुपचूप करत होतं, गर्दी अडवत होतं. ते काढलं आणि बोटी मात्र तेवढ्याच. आणि हे स्वस्त भाडं बेटावरच्यालाही तेवढंच आणि लंडनहून येणाऱ्यालाही तेवढंच. म्हणजे जागा कोणाला मिळणार? जो आधी बुक करेल त्याला. आणि आधी कोण बुक करतो? सुट्टीवर येणारा. त्याला जानेवारीत माहीत असतं की जुलैमध्ये कुठे जायचंय. बेटावरच्या माणसाचं आयुष्य तसं नसतं हो. दाढ दुखायला लागली, हॉस्पिटलची तारीख पुढच्या मंगळवारची आली, गाय आजारी पडली, कोणी वारलं, हे कोण सहा महिने आधी बुक करणार?

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग उघडतं आणि काही मिनिटांत वेटिंग लागतं. आणि रूळ ज्याच्या शेतातून गेला तो प्लॅटफॉर्मवर उभा राहून लांब पल्ल्याच्या भरलेल्या गाड्या जाताना बघतो. ते जे पोटात होतं ना तेव्हा, तेच टायरीच्या माणसाच्या पोटात होत असणार.

किंवा अजून जवळचं घ्या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्ध तिकीट झालं. माझ्या मावशा, ज्या कुठे जात नव्हत्या, त्या माहेरी जायला लागल्या, तालुक्याला जायला लागल्या, मला या निर्णयाचा मनापासून आनंद आहे. पण गाड्या त्या प्रमाणात वाढल्या का? उभं राहून जायचं, दरवाज्याशी लटकायचं. सवलत देणं आणि गाडी देणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिलं काम लवकर होतं, दुसऱ्याला वर्षं लागतात. एसटीत निदान उभं तरी राहता येतं. बोटीच्या डेकवर बावीस गाड्यांची जागा असेल तर तेविसावी गाडी चढत नाही म्हणजे नाही.

आणखी एक. आधी नेहमी ये-जा करणाऱ्यांसाठी एकदम अनेक फेऱ्यांची सवलतीची तिकिटं मिळायची. नवीन दर आले तिथे ती बंद झाली. म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याला जेवढा फायदा झाला तेवढा दर महिन्याला जाणाऱ्या स्थानिकाला झाला नाही. आणि ट्रकचं तर उलटंच झालं, प्रयोगाच्या काळात मोठी मालवाहू वाहनंही या दरात बसत होती, २०१२ मध्ये त्यांना बाहेर काढलं. आता विचार करा, बेटावरची ब्रेड, सिमेंट, मेंढरांचं खाद्य, सगळं ट्रकने येतं. त्याचं भाडं वाढलं की किराणा वाढणार. तिकडे कॅम्पर व्हॅनवाला, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घेऊन फिरणारा, आपल्या फ्रिजमध्ये आठवड्याचं सामान शहरातल्या सुपरमार्केटमधून भरूनच आणतो, बेटावरच्या दुकानात तो काय घेणार, दूध आणि एखादं पोस्टकार्ड. मला हा भाग सगळ्यात जास्त लागला. पाहुणा स्वस्तात येतो आणि पीठ महागात येतं.

(दृश्य: बोटीचं इंजिनघर, खलाशी, वेल्डिंगच्या ठिणग्या)

आता बोटींकडे येऊ. कॅलमॅककडे तीसच्या वर बोटी आहेत, पण त्यातल्या काहींचं वय ऐकलं तर धक्का बसेल. आइल ऑफ अरन ही बोट १९८४ ची. जुन्या बोटी, त्यात भर सीझनमध्ये एकही दिवस मोकळा नाही, मग बिघडणारच. आणि एक बिघडली की तिच्या जागी दुसऱ्या मार्गावरची काढायची, त्या दुसऱ्या मार्गावर तिसऱ्याची, अशी ओढाताण सगळ्या किनाऱ्यावर पसरते. २०२१ च्या एप्रिलमध्ये स्टॉर्नोवेच्या मार्गावरची लॉक सीफोर्थ इंजिन बिघडून काही आठवडे बंद पडली तेव्हा भलत्याच बेटांच्या फेऱ्या हलल्या.

नव्या बोटी मागवल्या नव्हत्या असं नाही. ज्या २०१५ साली आरईटी जवळजवळ सगळीकडे पोचलं त्याच साली पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन या जहाजं बांधणाऱ्या यार्डाला दोन मोठ्या बोटींची ऑर्डर दिली गेली, ९७ दशलक्ष पौंडांना दोन्ही. त्यातली पहिली, ग्लेन सॅनक्स, २०१७ मध्ये अर्धवट अवस्थेतच पाण्यात सोडली. यार्ड बुडायला आलं, २०१९ ला सरकारने ताब्यात घेतलं, खर्च कितीतरी पट झाला, आणि ती बोट प्रवासी घेऊन निघाली जानेवारी २०२५ मध्ये. त्यातही अरनला जाणाऱ्या बोटी ज्या आर्ड्रॉसन बंदरातून सुटायच्या तिथे ती मावतच नाही, म्हणून ट्रूनहून सुटते, वेळही जास्त लागतो. मध्ये चार बोटींची ऑर्डर तुर्कस्तानच्या यार्डाला द्यावी लागली. म्हणजे स्वस्त तिकीट आणि नवी बोट यांच्यात दहा वर्षांचं अंतर पडलं. त्या दहा वर्षांत शाळेत गेलेलं पोरगं बेट सोडून कॉलेजला गेलंसुद्धा.

(दृश्य: लॉकबॉइसडेल धक्का, रिकामा)

हा साउथ यूइस्टचा धक्का. २०२३ च्या जून महिन्यात, ऐन सीझनला, इथली बोट दुसरीकडच्या कमतरतेसाठी काढून घेतली आणि जवळजवळ पूर्ण महिना इथे बोट आली नाही. तेव्हा लोक या धक्क्यावर जमले. सुमारे ५०० माणसं, सोबत शेकडो गाड्या, व्हॅन, ट्रक. आकडा लहान वाटेल, आपल्याकडे एखाद्या लग्नाला एवढी माणसं येतात. पण त्या बेटाची वस्तीच दोन हजाराच्या आत आहे. तिथे ५०० म्हणजे घराघरातून माणूस आला होता. हॉटेलवाला, मच्छीमार, म्हातारे, पोरं.

अजून एक गोष्ट आहे जी भाड्याच्या तक्त्यात दिसत नाही, घरं. बेटावर पोचणं सोपं झालं की शहरातल्या पैसेवाल्याला तिथे सुट्टीचं घर घ्यावंसं वाटतं, नाहीतर घर घेऊन पाहुण्यांना भाड्याने द्यावंसं वाटतं. घराच्या किमती चढतात आणि तिथल्याच शाळेत शिकलेल्या नर्सला, मास्तरांना, बोटीवरच्याच खलाशाला राहायला घर मिळत नाही. हे सगळं एकट्या बोटभाड्याने झालं असं मी म्हणणार नाही, इंटरनेटवरून खोल्या भाड्याने देणं याच काळात वाढलं. पण दोन्ही हातात हात घालून चालले. बाहेरच्या माळेतल्या बेटांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २७ हजार ६०० च्या वर होती, २०२२ मध्ये ती २६ हजारांच्या आसपास आली. गेलिक ही तिथली जुनी भाषा बोलणारे तिथे २०११ ला निम्म्याहून जास्त होते, २०२२ ला निम्म्याच्या खाली. भाडं उतरवण्याचा एक हेतू बेटं ओस पडू नयेत हाच होता. अलिबाग-मुरूडकडचे लोक हे ऐकून गप्प बसतील असं मला वाटतं, मांडव्याची रो-रो आल्यापासून तिकडच्या जमिनींचं काय चाललंय ते त्यांना माहितीय.

(दृश्य: क्रेग्न्युअर धक्का, मल बेट, संध्याकाळ)

मग काय, भाडं पुन्हा वाढवायचं? मला नाही पटत. ज्याने आजीला तीनदा भेटायला सुरुवात केली त्याला परत एकदावर आणायचं का? माझं मत सरळ आहे, बेटावर राहणाऱ्याला हे भाडं कायम ठेवा आणि पाहुण्याकडून जुलै-ऑगस्टमध्ये थोडं जास्त घ्या, हा विचार तिथेही चर्चेत आहे आणि त्याला विरोधही आहे, कारण ज्यांचं पोट पाहुण्यांवर आहे ते घाबरतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. ग्लासगोत राहणारा बेटावरचा मुलगा पाहुणा की घरचा, हाही प्रश्न आहेच. पण त्याच्याही आधी करण्यासारखं एक काम आहे, डेकवरच्या काही जागा शेवटपर्यंत राखून ठेवायच्या. मल, कॉल, टायरीच्या मार्गांवर याचा प्रयोग झालाय, काही गाड्यांची जागा आधी विकायचीच नाही, निघायचा दिवस जवळ आला की ज्याला खरंच अडचणीचं जायचंय त्याच्यासाठी उघडायची. आपल्या तत्काळसारखं, फक्त जास्त पैसे न घेता. सगळ्याच बेटांवर हे का नसावं ते मला कळत नाही. पोलाद लागत नाही, यार्ड लागत नाही, दहा वर्षं तर नाहीच नाही.

(दृश्य: बोट लागतेय, रॅम्प खाली येतो)

ही डावीकडची रांग बुकिंगवाल्यांची. उजवीकडे ती वेगळी लेन दिसतेय ना, चार गाड्या उभ्या आहेत, ती स्टँडबाय. यांचं बुकिंग नाही. आधी डावीकडची सगळी रांग आत जाणार, मग एक माणूस डेकवर नजरेने माप घेणार, आणि जागा उरली असेल तर हाताने खूण करणार. पहिली गाडी घेतली. दुसरी घेतली. तिसऱ्या गाडीत मागे कुत्रा आहे, पुढे एक वयस्कर बाई, इंजिन चालू ठेवून बसल्यात.

रॅम्प वर चाललाय.