होडीचा सांधा धरतो कशानं?

(दृश्य: वडोदरा. जुन्या घराचं अंगण. लाकडी घोड्यांवर प्लायची होडी.)

६ मिलिमीटरचा मरीन प्लाय, कडेला कड भिडवून तांब्याच्या तारेनं शिवलेला. तारा फक्त आकार धरून ठेवतात. होडी एकसंध राहते ती आतल्या कोपऱ्यात भरलेल्या लगद्यावर (गोंदात पीठ कालवून केलेल्या) आणि त्यावर बसवलेल्या काचकापडाच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, पट्टीवर.

फर्निचरचा पांढरा गोंद इथे नको. वॉटरप्रूफ म्हणून मिळणारा गोंद ओल सोसतो, पण सतत पाण्याखाली राहिला की मऊ पडतो. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त आहे, पण लाकडाला नीट धरत नाही. पुढे काचकापड सालीसारखं सुटतं. रिसॉर्सिनॉल या गोंदाचा सांधा उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही, मात्र त्याला फट खपत नाही आणि क्लॅम्पचा दाब भरपूर लागतो. नवशिक्या हाताला इपॉक्सीच बरं, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग कालवले की घट्ट होणारा गोंद. ते फट भरून काढतं, आणि दाब हलकाच हवा. जास्त आवळलं तर रेझिन बाहेर येतं नि सांधा कोरडा राहतो.

(दृश्य: वजनकाट्यावर कागदी पेला.)

प्रमाण डब्यावर असतं तेच, आणि तेही वजनानं की मापानं, हे आधी वाचायचं. १०० ग्रॅम रेझिनला १० ग्रॅम हार्डनर असेल, तर २ ग्रॅमची चूक म्हणजे २० टक्के. जास्त हार्डनरनं काम लवकर होत नाही. उरलेला हार्डनर आत तसाच राहतो आणि सांधा कच्चा, चिकट होतो.

वडोदऱ्याच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. खोल पेल्यात ठेवलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, धुमसतं, दगड होतं. थोडंच कालवा, लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, हार्डनर संथपणे घट्ट होणारा घ्या. थर द्यायचा तो ऊन उतरताना. सकाळी तापत जाणारं लाकूड आतली हवा बाहेर टाकतं आणि थरात टाचणीएवढी छिद्रं पडतात. पावसाळ्यात वाळलेल्या थरावर मेणचट साय येते; ती आधी पाण्यानं धुवायची, मगच पॉलिश पेपर.

(दृश्य: अगदी जवळून, प्लायची कापलेली कड.)

ही कड पाहा. ब्रशनं लावलेलं रेझिन चमकतंय, आणि दहा मिनिटांत निस्तेज झालं. लाकडानं ते पिऊन टाकलं. इथे थेट लगदा भरला असता, तर त्यातलंच रेझिन शोषलं गेलं असतं आणि कोरडी भुकटी उरली असती. म्हणून आधी हार्डनर घातलेलं, पण पीठ नसलेलं रेझिन, मग ते ओलं असतानाच लगदा.

लगद्यासाठी कालवलेल्या इपॉक्सीत लाकडाचं बारीक पीठ आणि थोडी कोलॉइडल सिलिका, म्हणजे अतिबारीक पांढरी भुकटी, जी ओघळ थांबवते. दाटपणा घट्ट श्रीखंडाचा: चमचा उलटा केला तरी पडू नये. गोल टोकाच्या पट्टीनं कोपऱ्यात ओढून वळण द्यायचं. मायक्रोबलून, म्हणजे भुकटीसारखे सूक्ष्म पोकळ गोळे, हलके असतात, छान घासले जातात, पण ताण सोसत नाहीत. ते फक्त बाहेरचा पृष्ठभाग सपाट करायला. पॉलिएस्टरची गाडीची पुट्टी पाणी शोषते, ती होडीपासून लांबच ठेवा.

हातमोजे पहिल्या थेंबापासून घाला. हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की सुटत नाही. सांडलेलं अंगावरून पुसायला थिनर वापरू नका. तो रेझिन कातडीत उतरवतो.

(दृश्य: हातोडीनं तोडलेले दोन तुकडे.)

होडीला हात लावण्याआधी उरलेल्या प्लायचे दोन तुकडे जोडा आणि आठवड्यानं तोडा. लाकूड फाटलं, तर मिश्रण बरोबर. सांधा चकचकीत, स्वच्छ सुटला, तर वजनकाटा आणि पॉलिश पेपर पुन्हा हातात घ्या.