रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र नाही

(दृश्य: टेबलावर तपासण्यांची फाईल. कुणीतरी एकेक कागद उलटतंय.)

सोनोग्राफी स्वच्छ. रक्त ठीक. तरी घराबाहेर पडण्याआधी तीनदा शौचाला जावं लागतं, आणि कुठल्याही नव्या जागी नजर आधी टॉयलेट शोधते.

हे आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतड्याला जखम नसते. बिघडलेला असतो तो आतडं आणि मेंदू यांचा संवाद. आतड्याच्या नसा इतक्या हळव्या होतात की साध्या गॅसनेही कळ येते. ‘मनाचे खेळ’ म्हणून हे उडवून लावू नका. दुखणं खरं असतं.

आयुर्वेदात याच्या जवळचा विकार म्हणजे ग्रहणी. चरकसंहितेत, चिकित्सास्थानाच्या १५व्या अध्यायात, त्याचं मूळ मंदावलेल्या अग्नीत सांगितलंय. त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात आणखी एक निरीक्षण आहे: पथ्याचं अन्न, तेही मापात खाल्लं, तरी चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांमुळे ते पचत नाही. पथ्याच्या याद्या पाठ करताना आपण नेमकं हेच विसरतो.

(दृश्य: ताक घुसळणारी रवी.)

ग्रहणीत ताकाची थोरवी मोठी. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात तयार झालेला लो-फॉडमॅप आहार (आतड्यात आंबून गॅस करणारी काही कर्बोदकं कमी करणारा) मात्र लॅक्टोजपासून, म्हणजे दुधातल्या साखरेपासून, जपायला सांगतो, आणि ताकात ते थोडं उरतंच. मग ऐकायचं कुणाचं? स्वतःच्या पोटाचं. अर्धी वाटी ताजं ताक घ्या, दोन-तीन दिवस बघा, वहीत लिहा.

कांदा, लसूण, गहू, कडधान्यं यांचंही तसंच. आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने २ ते ६ आठवडे बंद, मग एकेक करून परत सुरू. हा दुसरा टप्पा बरेच जण गाळतात आणि वर्षानुवर्षं चार पदार्थांवर जगतात. फार वाईट वाटतं ते बघून.

इसबगोल बऱ्याच जणांना मानवतो, भरपूर पाण्यासोबत. गव्हाच्या कोंड्याने मात्र पोटफुगी वाढू शकते. कुटज, म्हणजे कुडा, हे जुलाब थांबवणारं औषध. बद्धकोष्ठ असलेल्याने ते ऐकीव माहितीवर घेतलं तर त्रास वाढेल, म्हणून आधी वैद्यांना विचारा.

शौचातून रक्त, आपोआप घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास: यातलं काहीही असेल तर घरगुती प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जा.

(दृश्य: वहीचं उघडं पान.)

महिनाभराने वही चाळताना कधीकधी असं दिसतं, की दोन दिवसांचं जेवण अगदी सारखंच होतं. एका दिवशी पोट शांत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत होती.